५०२ आणि ५०४ हे एकाच दुखण्याचे दोन टप्पे असू शकतात

नमस्कार. खानापूर तालुक्यातील आपल्या गावच्या वाचनालयाचे संकेतस्थळ आपण सामायिक होस्टिंगवरून १ जीबी मेमरीच्या स्वतंत्र व्हीपीएसवर, म्हणजे आभासी सर्व्हरवर, आणले. त्यानंतर पुस्तकसूचीत शोध घेताना कधी ५०२ तर कधी ५०४ हा त्रुटीचा कोड येतो, कन्नड विभाग उघडताना ४०३ (प्रवेश नाकारला) येतो, आणि फाइल सर्व्हरवर डोळ्यांना दिसत असूनही काही मराठी पीडीएफना ४०४ (सापडत नाही) येतो, असे आपण लिहिले आहे. टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत, वाढवावा का आणि सर्व फोल्डरांना ७७७ (सर्वांना सर्व काही मोकळे) परवानगी द्यावी का, असेही आपण विचारले आहे. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर 'नाही' असे आहे. त्याची कारणे सविस्तर लिहितो.

कोडाचा पहिला अंक ४ असेल तर सर्व्हरच्या मते मागणीत दोष आहे, आणि ५ असेल तर मागणी ठीक असूनही ती पुरी करता आली नाही, एवढे आपल्याला ठाऊक असेलच. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कोड हे साखळीतील कोणा एकाचे म्हणणे असते, आणि ते नेमके कोणाचे आहे हे आधी ओळखावे लागते. आपल्या व्हीपीएसवर दर्शनी बाजूस एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे, त्याच्या मागे साइटचा पीएचपी प्रोग्राम चालवणारा पीएचपी-एफपीएम आणि त्याच्याही मागे मायएसक्यूएल हा डेटाबेस. निपाणीच्या एखाद्या वखारीत पुढच्या खोलीतील दिवाणजी "आतून माल आला नाही" असे सांगतो, तेव्हा दिवाणजीला जाब विचारून उपयोग नसतो, आत जाऊन पाहावे लागते. ५०२ आणि ५०४ ही एनजिनएक्स या दिवाणजीची वाक्ये आहेत. ५०२ म्हणजे आतल्या माणसाशी संपर्क झाला नाही किंवा त्याने दिलेले उत्तर अर्धवट अथवा विसंगत होते. ५०४ म्हणजे ठरलेल्या मुदतीत उत्तर आलेच नाही. ५०० हा कोड मात्र बहुधा आतून, म्हणजे पीएचपीकडूनच आलेला असतो, आणि त्याचे कारण पीएचपीच्या लॉगमध्ये, म्हणजे घटनांच्या नोंदवहीत, शोधावे लागते.

म्हणून पहिले काम म्हणजे एनजिनएक्सचा एरर लॉग उघडणे. येथे एक चूक फार वेळ खाते. बहुतेक व्हीपीएसचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते आणि ती आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे आहे. वाचकाने सकाळी १०:३० वाजता तक्रार केली असेल, तर त्या घटनेची ओळ लॉगमध्ये ०५:०० च्या आसपास सापडेल. ओळ सापडली की तिच्या कंसातील क्रमांक पाहावा, कारण कोडापेक्षा तो क्रमांक अधिक नेमके सांगतो. ५०२ च्या ओळीत १११ असेल तर त्या पत्त्यावर पीएचपी ऐकतच नाही, म्हणजे बहुधा सेवा बंद पडली आहे. २ असेल तर सॉकेटची फाइल, म्हणजे एनजिनएक्स आणि पीएचपी यांचे बोलण्याचे दार, त्या ठिकाणी नाही. पीएचपीची आवृत्ती बदलल्यावर फाइलचे नाव बदलते आणि एनजिनएक्सच्या मांडणीत जुनेच नाव राहते, तेव्हा हे हमखास घडते. १३ असेल तर सॉकेट आहे, पण एनजिनएक्सला त्यावर हक्क नाही. ११ असेल तर सेवा चालू आहे, परंतु तिच्या दाराशी रांग पूर्ण भरली आहे.

आपल्या वर्णनावरून मला ११ ची शंका अधिक आहे, कारण आपला ५०२ कायमचा नसून शोधाच्या वेळी आणि ५०४ च्या जोडीने येतो. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजमध्ये पीएचपी-एफपीएमचे एका वेळचे वर्कर, म्हणजे मागण्या पुऱ्या करणाऱ्या प्रक्रिया, मुळात ५ असतात. आपल्या शोधात पुस्तकांच्या नावांबरोबर स्कॅन केलेल्या नियतकालिकांच्या अंकांचा मजकूरही धुंडाळला जातो, असे आपण लिहिले आहे. पाच वाचकांनी एकदम असा शोध घेतला की पाचही वर्कर मायएसक्यूएलच्या उत्तराची वाट पाहत अडकतात. एनजिनएक्स मुळात ६० सेकंद थांबतो आणि ५०४ देऊन मोकळा होतो, पण आतला वर्कर आणि त्याची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) तेव्हा थांबत नाही, ती चालूच राहते. वाचक पान पुन्हा उघडतो आणि तीच जड क्वेरी आणखी एका वर्करला अडकवते. आता मुखपृष्ठासारखे साधे पानही रांगेत उभे राहून ५०४ देऊ लागते, आणि रांग भरली की पुढच्या प्रत्येकाला तत्काळ ५०२ मिळतो. दोन्ही कोड एकाच कारणाचे आगे-मागे येणारे परिणाम आहेत. पीएचपीच्या लॉगमध्ये 'मॅक्स चिल्ड्रन'ची, म्हणजे वर्करांच्या कमाल संख्येची, मर्यादा गाठल्याची सूचना त्याच वेळेची सापडली, तर हे निदान पक्के समजावे.

पीएचपीची मर्यादा ३० सेकंदांची असताना वर्कर मिनिटभर कसा अडकतो, असे आपल्याला वाटेल. लिनक्सवर त्या मर्यादेत डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ मोजलाच जात नाही. हे ठाऊक नसल्यामुळे काही वर्षांपूर्वी निपाणी भागातील एका पतसंस्थेच्या साइटवर मी ५०४ पाहून टाइमआउट ३०० सेकंद केला होता. परिणाम असा झाला की जो वाचक एका मिनिटात परत जात होता तो पाच मिनिटे ताटकळू लागला आणि संध्याकाळपर्यंत साइट पूर्ण ठप्प झाली. खरा दोष खात्यांच्या तक्त्यावर इंडेक्स, म्हणजे नोंदी झटपट शोधण्याची सूची, नसण्याचा होता. तो जोडल्यावर तीच क्वेरी क्षणात पुरी होऊ लागली आणि टाइमआउट मी पुन्हा ६० वर आणला.

आपल्या बाबतीत मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग (संथ क्वेरींची नोंद) चालू करावा, सापडलेली क्वेरी कशी चालते ते दाखवणारे 'एक्सप्लेन' लावून तपासावी, आणि शोधशब्दाच्या आधीही टक्केचिन्ह (येथे काहीही चालेल अशी खूण) लावले आहे का ते पाहावे. तसे असेल तर साधा इंडेक्स असूनही उपयोगी पडत नाही आणि तक्त्यातील प्रत्येक ओळ वाचावी लागते. नाव व लेखक यांचा शोध वेगळा आणि अंकांच्या मजकुराचा शोध वेगळा केल्यास बहुतेक भार उतरेल. वर्करांची संख्या मात्र भराभर वाढवू नये. १ जीबीमध्ये मायएसक्यूएलही राहते. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सर्वांत जड प्रक्रिया मारतो, आणि ती बहुधा मायएसक्यूएलच असते. मग ५०२ जाऊन डेटाबेस जोडला न गेल्याचा ५०० येऊ लागेल.

कन्नड विभागाच्या ४०३ चे कारण बहुधा साधे आहे. लॉगमध्ये क्रमांक १३ दिसला तर फाइलपर्यंतच्या वाटेवरील एखाद्या फोल्डरात एनजिनएक्सला शिरता येत नाही. मूळ फोल्डरपासून फाइलपर्यंत प्रत्येक फोल्डरवर प्रवेशाचा हक्क लागतो. मधला एक जरी ७०० (फक्त मालकाला मोकळा) राहिला असेल तरी पुढचे सर्व बंद होते. 'नेमआय' ही आज्ञा 'एल' पर्यायासह चालवल्यास वाटेवरील प्रत्येक पायरीची मालकी आणि परवानगी एकाखाली एक दिसते. फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ पुरेसे असते. ७७७ दिल्यास सर्व्हरवरील कोणत्याही प्रक्रियेला तेथे लिहिता येते, आणि एखाद्या कमकुवत प्लगिनमधून आत आलेल्या माणसाला आपण घरच मोकळे करून देतो. लॉगमध्ये १३ नसून डिरेक्टरीचा इंडेक्स निषिद्ध असल्याचा उल्लेख असेल, तर परवानगीला हात लावू नये, कारण त्या फोल्डरात केवळ इंडेक्स फाइल, म्हणजे फोल्डर उघडताच दाखवायचे पान, नाही.

आता मराठी पीडीएफ, ज्यांबद्दल मला विशेष आस्था आहे, कारण हा दोष इंग्रजी नावांच्या फाइलींवर काम करणाऱ्याला सहसा भेटत नाही. 'शेतकऱ्यांची पुस्तके' या नावातील 'ऱ्य' तीन प्रकारे टंकता येतो: 'ऱ' हे एकच अक्षर घेऊन, 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) वेगवेगळे घेऊन, किंवा 'र' ला हलन्त लावून पुढे शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारी खूण) देऊन. पडद्यावर तिन्ही रूपे सारखी दिसतात, पण लिनक्स फाइलचे नाव बाइटशः जुळवतो, आणि 'ऱ' चे ३ बाइट म्हणजे 'र' व नुक्त्याचे ६ बाइट नव्हेत. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलप्रणाली 'ऱ' आपोआप फोडून ठेवते, त्यामुळे तेथून झिप होऊन आलेल्या फाइलींत हा फरक न सांगता शिरतो. न उघडणाऱ्या बहुतेक फाइलींच्या नावांत 'ऱ' आहे का, एवढे आधी पाहावे. असेल तर 'कॉन्व्हएमव्ही' या साधनाने नावे एनएफसी रूपात, म्हणजे 'ऱ' एकच अक्षर असलेल्या रूपात, आणता येतात; ते आधी केवळ बदलांची यादी दाखवते आणि स्पष्ट सांगितल्याशिवाय काही बदलत नाही, हे बरे आहे. जोडकाचे रूप मात्र त्याने सुटत नाही, ती नावे स्वतंत्रपणे बदलावी लागतील. पुढच्या फाइलींना रोमन लिपीतील छोटी नावे देऊन पानावरील शीर्षक तेवढे मराठीत किंवा कन्नडमध्ये ठेवावे, असे माझे मत आहे.

अॅक्सेस लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या मागण्यांच्या नोंदीत, ४९९ दिसला तर घाबरू नये. तो एनजिनएक्सचा स्वतःचा आकडा आहे आणि उत्तर मिळण्याआधीच वाचकाने जोडणी तोडली एवढाच त्याचा अर्थ. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडील मोबाइल नेटवर्कवरून असे तुरळक येणारच. पण ते शोधाच्या पानावरच दाटीने येत असतील, तर तेही वरच्याच दुखण्याचे लक्षण आहे. ज्याच्या पडद्यावर कोणताही आकडा न येता साइट सापडत नसल्याचा संदेश येतो, त्याची मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचलेलीच नसते. अशा वेळी डोमेनची डीएनएस नोंद (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी) नव्या आयपीवर, म्हणजे नव्या सर्व्हरच्या पत्त्यावर, वळली आहे का ते पाहावे.

आधी फक्त एरर लॉगमधील ५०२ च्या वेळच्या पाच-सहा ओळी, पीएचपी-एफपीएमच्या लॉगमधील त्याच मिनिटाच्या ओळी आणि न उघडणाऱ्या दोन पीडीएफची नावे येथे द्यावीत. वाचकांचे आयपी पत्ते मात्र खोडून द्यावेत. क्रमांक ११ आहे की १११, हे दिसले की पुढचे पाऊल सांगतो.