देवळं आणि जत्रा एक्स्प्रेशनिस्ट स्टाइलमध्ये (म्हणजे दिसतं तसं नाही, जाणवतं तसं) रंगवल्या तर लोक चिडतात का? आणि रंग कसे निवडायचे?

चिडतात. माझ्यावर चिडलेत.

जेजुरीची सोमवती अमावस्येची जत्रा मी बरीच वर्षं बघतेय. खंडोबाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला निघते, भंडारा-खोबरं उधळायला लागतात आणि त्या गर्दीत उभं राहिलं की दीपमाळ सरळ दिसतच नाही हो, डोळ्यांत हळद, कानात येळकोट, मागून रेटा. तेच रंगवलं मी. पायऱ्या तिरक्या, दीपमाळा झुकलेल्या, माणसांना चेहरे नाहीत, पेंटिंग नाइफने थापलेला पिवळा. गावातल्या एका प्रदर्शनाला दिलं तर आयोजकांतले एक मास्तर म्हणाले, "देवाची चेष्टा लावलीय, असली परदेशी फॅडं इथे नकोत," आणि चित्र नेऊन लावलं जिन्याखाली!

अहो, ज्या तांदळ्याला (न घडवलेल्या दगडाच्या देवाला) शेंदूर फासून, चांदीचे डोळे बसवून आपण हात जोडतो तो कुठे फोटोसारखा असतो? देव म्हणजे गुटगुटीत, गोरापान, दागिन्यांनी मढलेला, हे घराघरात पोचवलं चित्रकार राजा रविवर्मांच्या छापखान्याने, तो निघाला १८९४ मध्ये. तांदळे त्याच्या कितीतरी आधीचे. आणि परदेशी म्हणाल तर ऑइल पेंटसुद्धा परदेशीच की! व्हिएन्नाहून आलेले, याच वळणाचे चित्रकार लँगहॅमर मुंबईत टाइम्स ऑफ इंडियामध्ये आर्ट डायरेक्टर होते, रझा, आरा वगैरे चित्रकार मंडळी त्यांच्याकडे जायची, म्हणजे हे 'फॅड' मुंबईत येऊनही आता ऐंशीच्या वर वर्षं झाली. मास्तरांना हे तेव्हा सुनवायचं राहिलं, म्हणून इथे.

हां, रंग. भंडाऱ्यासाठी ट्यूबच्या ट्यूब पिवळा ओतू नका, सगळीकडे पिवळाच असला की तो मरतो. शेजारी दगडाचा काळपट जांभळा ठेवा, मग बघा कसा पेटतो. आणि भडकच पाहिजे असंही काही नाही. चित्रकार रामकुमार १९६० मध्ये एम. एफ. हुसेनबरोबर बनारसला गेले, त्यांची बनारसची बरीच चित्रं करडी-मातकट, माणसाचा पत्ता नाही, तरी शहर अंगावर येतं. (ती पुढे पार अमूर्ताकडे गेली, एक्स्प्रेशनिस्ट म्हणायचं का यावर भांडा खुशाल.)

फोटोवरून करू नका, तिथे जाऊन ऑइल पेस्टलने भराभर स्केच करा. ड्रॉइंग कच्चं असेल तर मात्र आधी ते पक्कं करा, नाहीतर वाकडं ते नुसतं वाकडंच दिसतं. गाभाऱ्यात वही उघडायच्या आधी गुरवांना विचारा. आणि प्रदर्शनाला चित्र देताना भिंत कुठली ते आधीच ठरवून घ्या.