मॉडेल विमानाच्या कॉकपिटची काच सुपरग्लूने पांढरी पडली. कोणता गोंद वापरू? (नागपूर)

काचेला साधा पांढरा फेविकॉल लावा आणि बाकी सांगाड्याला प्लास्टिक सिमेंट, म्हणजे प्लास्टिक मॉडेलसाठीचा गोंद. सुपरग्लू काचेजवळ नेऊच नका. त्यातल्या सायनोअ‍ॅक्रिलेटची वाफ जवळच्या भागावर पांढरी बसते, त्यानेच तुमची काच धुरकटली. ती फेकू नका, टूथपेस्टने हळुवार घासून धुवा आणि वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक ग्लॉसचा पातळ हात द्या, बरीच सुधारते. फेविकॉल वाळला की पारदर्शक होतो, वाळण्याआधी ओघळ ओल्या कापसाने पुसता येतो. सिमेंट मात्र पॉलिस्टायरीन (किटचं प्लास्टिक) विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतं, म्हणून सांध्यावरचा रंग आधी खरवडा, नाहीतर रंगाला रंगच चिकटेल. हे सगळं मी नागपुरातच किट जोडताना वापरतो.

फक्त मे महिन्यात सांभाळा. पारा ४५ अंशांकडे गेला की पातळ सिमेंट सांध्यात शिरण्याआधीच उडतं आणि स्प्रेचा रंग हवेतच वाळून खरबरीत बसतो. त्या दिवसांत रंगकाम पहाटे करा, कूलरच्या झोतापासून दूर, पण खिडकी उघडी ठेवून.