फर्स्ट इयरच्या भावासाठी

अरे भो, 'मी नक्की कोण' हे पहिल्याच सेमिस्टरला कळायला पाहिजे असं काही नसतं, मला तर थर्ड इयरपर्यंत कळलं नव्हतं. अमळनेरहून जळगावला आलो तेव्हा आईचा फोन आला की मी रूमच्या बाहेर गॅलरीत जायचो, कारण ती पहिलंच विचारायची "काय करी ऱ्हायना रे?" आणि रूममधल्या पोरांसमोर अहिराणी बोलायची लाज वाटायची. एकदा चार्जिंग संपत आलेलं म्हणून प्लगजवळच बसून बोललो, तर शेजारच्या कॉटवरचा शिरपूरचा पोरगा उठून बसला, म्हणे तू पण आपलाच का! वर्षभर तोही गॅलरीतच जात होता, मूर्ख दोघंही.

आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि ओव्या सगळ्या घरच्या बोलीत. (त्यांची बोली लेवा, आपली अहिराणी, ते वेगळं. एक समजू नको.)

तू एक कर, महिनाभर झोपायच्या आधी वहीत दोन ओळी लिही, आज काय करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही आणि कुठे उगाच हो म्हणालो. इंग्रजी सुधार, पण घरची भाषा सोडून नको. एमपीएससी करायची का हे मित्र करताय म्हणून ठरवू नको, आधी एखादा जुना पेपर घेऊन बस, कंटाळा येतो का बघ. आणि दिवाळीत घरी गेला की कापूस वेचायला जा, मोबाईल घरी ठेवून. दुपारपर्यंत डोक्यात काय काय येतं ते मला सांग.