'सेन्सॉर केलं' म्हणायचं ते नेमकं कशाला?

प्रश्न असा आला आहे: जुन्या पुस्तकातले वंशभेदी किंवा हिणवणारे शब्द प्रकाशकाने बदलले, एखादा जुना चित्रपट दाखवणं कंपनीने थांबवलं, गाण्यातला एक शब्द पुसून टाकला, तर या सगळ्याला 'सेन्सॉर केलं' म्हणणं बरोबर आहे का? आणि मराठी शब्दच हवा असेल तर 'अभ्यवेक्षण' घ्यावा की 'काटछाट'?

आधी उत्तर देतो. ज्याच्या हाती मनाई करण्याचा अधिकार आहे त्याने तो वापरला, तरच 'सेन्सॉर' म्हणावं. बाकीच्या ठिकाणी मूळ कृतीचं काय झालं ते पाहून क्रियापद निवडावं: काही गाळलं, काही बदललं, कृती मागे घेतली, की तिला फक्त सूचना जोडली. जुन्या कृती कापाव्यात की नाही या वादात लोक हमरीतुमरीवर येतात, तेव्हा पुष्कळदा एकाच्या डोळ्यांसमोर बंदी असते आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर चार ओळींची सूचना. शब्द मात्र दोघांचा एकच असतो. म्हणून हा शब्द मोकाट सोडू नये, असं मला फार वाटतं.

मूळ लॅटिन 'सेन्सॉर' हा रोममधला अधिकारी. हे पद इ.स.पू. ४४३च्या सुमाराचं. दोन सेन्सॉर नागरिकांची नोंद करत, मालमत्तेचं मूल्य ठरवत, आणि वर्तन बरं नाही असं वाटलं तर एखाद्याचं नाव सेनेटच्या यादीतून काढत. जनगणनेला म्हणतात तो 'सेन्सस' याच घराण्यातला. म्हणजे मोजणं, जोखणं आणि त्यामागे पदाचा अधिकार, हे या शब्दाच्या मुळातच आहे.

आपले शासकीय पर्यायही पाहण्यासारखे आहेत. परिभाषेत सेन्सॉरशिपला 'अभ्यवेक्षण' म्हणतात. फोड अशी: अभि + अव + ईक्षण. 'अवेक्षण' म्हणजे लक्षपूर्वक पाहणं. नाटकांसाठी महाराष्ट्रात 'रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ' आहे. 'परिनिरीक्षण' म्हणजे चहूबाजूंनी तपासणं. चित्रपटांच्या मंडळाच्या नावातून 'सेन्सॉर' १९८३ साली गेला आणि 'केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ' हे नाव आलं. कायदा १९५२चाच, आणि काही भाग काढून आणा असं निर्मात्याला सांगण्याचा अधिकारही कायम. आता या तिन्ही शब्दांकडे नीट बघा. एक पाहतो, एक तपासतो, एक दाखला देतो. कापण्याचा उल्लेख एकातही नाही. कात्री सगळी लोकांच्या बोलण्यात आहे: कात्री लावली, काटछाट केली, फुल्या मारल्या, बीप टाकला. काय घडलं ते वाचकाला कळायला हवं असेल तर हेच शब्द कामाचे. 'अभ्यवेक्षण' कायदा आणि संस्था यांविषयी लिहिताना बरोबर आहे, पण 'प्रकाशकाने कादंबरीचं अभ्यवेक्षण केलं' हे वाक्य चूक. प्रकाशकाला तसा अधिकार कोणी दिलेला नाही, तो आपल्याच मालात बदल करतो आहे.

एक बारकावा. 'सेन्सॉरने कापलं' असं आपण सर्रास म्हणतो, पण मंडळ स्वतः कापत नाही. ते काय काढायचं ते लिहून देतं आणि कापतो निर्माता. 'सेन्सॉरने कापायला लावलं' हे नेमकं.

आता क्रियापदांकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. 'गळणे' आणि 'गाळणे' ही जोडी घ्या. 'दोन ओळी गळल्या आहेत' म्हणजे जुळाऱ्याच्या किंवा टंकलेखकाच्या हातून सुटल्या, हेतू नव्हता. 'दोन ओळी गाळल्या आहेत' म्हणजे कोणीतरी ठरवून काढल्या. एका कान्याने जबाबदारी कुणाची ते ठरतं. प्रस्तावनेत 'या आवृत्तीत काही मजकूर गळलेला आहे' असं लिहिलं असेल आणि गळलेले शब्द नेमके एकाच समाजाविषयीचे असतील, तर तो 'गाळलेला' आहे आणि तसंच लिहायला हवं होतं. 'बदलणे' तर याहून निसरडं, कारण ते सकर्मकही आहे आणि अकर्मकही. 'मजकूर बदलला आहे' या वाक्यात ऋतू बदलावा तसा मजकूर आपोआप बदलल्यासारखा वाटतो. 'संपादकांनी मजकूर बदलला आहे' असं कर्त्यासकट लिहावं.

'गाळणे', 'वगळणे' आणि 'कापणे' यांतही फरक राखता येतो. सलग मजकुरातला शब्द किंवा ओळ गाळतात, संग्रहातली अख्खी कथा किंवा यादीतलं गाणं वगळतात, आणि कापणं हे चित्रफितीचं. कात्रीचा वाक्प्रचार चित्रपटाशी इतका घट्ट जुळला, कारण तिथे खरोखरच कापावं लागे. ३५ मिलिमीटरच्या फितीत एका फुटात १६ चौकटी असतात आणि सेकंदाला २४ चौकटी पुढे सरकतात. आवाजाची पट्टी त्याच फितीवर, पण आपल्या चित्रापासून सुमारे २० चौकटी पुढे छापलेली. त्यामुळे तयार प्रतीतून एखादा संवाद चित्राबरोबर कापला की त्याचा आवाज थोडा मागे राहतो आणि शेजारच्या निरपराध वाक्याचा तुकडा तुटतो. प्रेक्षकाला झटका बसतो तो इथे. तरी एका प्रतीतून कापलं तर इतर प्रती शिल्लक असतात. मूळ निगेटिव्हच कापली आणि तुकडे जपले नाहीत, तर मात्र सारी भिस्त कुठे जुनी प्रत सापडते का यावर. अमेरिकेत १९३४पासून चित्रपटांची आचारसंहिता कडक झाली, आणि १९३३चा 'किंग काँग' १९३८ साली पुन्हा प्रदर्शित करताना त्यातली काही दृश्यं काढली गेली. जुन्या प्रतीत ती मिळाली म्हणून काही दशकांनी परत जोडता आली. त्याच १९३३ सालच्या 'बेबी फेस'ची न कापलेली आवृत्ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडायला २००४ साल उजाडलं. माझं मत या उदाहरणांवर बेतलेलं आहे: जे नकोसं वाटतं ते दाखवू नका हवं तर, पण मूळ प्रतीला हात लावू नका. कशाला आक्षेप घ्यायचा हे प्रत्येक पिढी नव्याने ठरवते, आणि कापलेला तुकडा पुढच्या पिढीला मागून मिळत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत या व्यवहाराचा जुना मापदंड म्हणजे टॉमस बौडलर. त्याने घरात मोठ्याने वाचता येईल असा शेक्सपिअर काढला. त्याची १८१८ची आवृत्ती १० खंडांची. इंग्रजीत त्याच्या आडनावाचं क्रियापद झालं आणि ते हिणवण्यासाठीच वापरतात. मराठीत त्यासाठी कोणी 'सोवळी आवृत्ती' म्हणतात. शब्द फर्मास आहे, पण त्यात विटाळाची कल्पना आहे, आणि जातिवाचक शिव्या काढलेल्या पुस्तकाला 'सोवळं' म्हणणं अर्थाच्या दृष्टीने उलटं पडतं. मी 'गाळीव आवृत्ती' सुचवेन. बौडलरविषयी एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. मूळ संहितेत काही घातलेलं नाही, कुटुंबात वाचण्याजोगे नसलेले शब्द तेवढे गाळले आहेत, असं त्याने मुखपृष्ठामागच्या शीर्षकपानावरच छापलं होतं.

'गाळीव' आणि 'पाठबदल' वेगळे ठेवा. शब्द काढून जागी दुसरा घातला की तो पाठबदल. २०११ साली मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन' या कादंबरीच्या एका अमेरिकी आवृत्तीत कृष्णवर्णीयांसाठीची शिवी काढून तिथे 'गुलाम' या अर्थाचा शब्द घातला. संपादकाने प्रस्तावनेत तसं सांगितलं होतं. तरी अर्थ सरकला तो सरकलाच: शिवी बोलणाऱ्याचं मन दाखवते, 'गुलाम' फक्त समोरच्याची स्थिती सांगतो. २०२३ साली रोआल्ड डाल यांच्या मुलांच्या पुस्तकांत असेच पुष्कळ बदल झाल्याचं उघड झालं. एका पात्राच्या वर्णनातला लठ्ठपणा जाऊन नुसतं 'प्रचंड' उरलं. भाषेचा आढावा घेतो अशी बारीक टीप पुस्तकात होती, पण कुठे काय बदललं ते नव्हतं. ओरड झाल्यावर प्रकाशकाने मूळ पाठही छापत राहू असं जाहीर केलं. लेखक १९९० सालीच वारले होते, तेव्हा याला 'सुधारित आवृत्ती' म्हणता येणार नाही. सुधारणा लेखकाने स्वतः करावी, दुसऱ्याने केला तो बदल. गायकाने आपल्याच जुन्या गाण्यातला शब्द मंचावर बदलून म्हटला, तर ती सुधारणा, आणि तिला सेन्सॉर म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

ज्यांना अशी आवृत्ती काढायचीच आहे त्यांनी शीर्षकपानामागे चार गोष्टी छापाव्यात: मूळ आवृत्तीचं साल, बदल कोणी आणि कोणत्या साली केले, कोणत्या पानांवर केले, आणि मूळ पाठ कुठे वाचायला मिळेल. असं पुस्तक 'पुनर्मुद्रण' म्हणून खपवू नये, पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो. मजकुरात लक्षणीय बदल असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकही, नवा घ्यावा लागतो. गाळलेली जागा चौकटी कंसात तीन टिंबं घालून दाखवावी. नुसती तीन टिंबं घातली तर लेखकानेच वाक्य अर्धवट सोडलं असं वाटतं. ई-पुस्तकात तर ही नोंद अधिकच हवी, कारण तिथे फाइल बदलली की जुनी प्रत शेल्फवर उरत नाही.

'मागे घेणे' आणि 'सूचना जोडणे' यांवर फार लिहायला नको. अमेरिकी बालसाहित्यिक डॉ. स्यूस यांची सहा पुस्तकं २०२१ साली त्यांच्याच हक्कदार संस्थेने छापणं थांबवलं, हे मागे घेणं. 'गॉन विथ द विंड' हा जुना चित्रपट २०२० साली एका स्ट्रीमिंग सेवेवरून काही दिवस काढून मग प्रास्ताविक जोडून परत ठेवला, चित्रपटाला धक्का लागला नाही. ही दुसरी वाट मला सगळ्यात बरी वाटते. तिला 'सेन्सॉर' म्हणणं तर साफ चूक.

अशा चर्चेत हमखास येणाऱ्या 'आक्षेपार्ह' या शब्दाबद्दलही सांगतो. आक्षेप + अर्ह, म्हणजे आक्षेपाला पात्र. 'आक्षेपार्ह भाग गाळला' असं लिहिणाऱ्याने निकाल आधीच दिलेला असतो. बातमीत 'ज्यावर आक्षेप घेतला गेला तो भाग' असं लिहावं, आपल्या मतप्रदर्शनात 'आक्षेपार्ह' खुशाल वापरावा. गाण्यातला शब्द पुसलेल्या आवृत्तीला 'स्वच्छ आवृत्ती' म्हणतात तिथेही हीच अडचण, 'शब्द मूक केलेली आवृत्ती' असं म्हटलं की काय केलं ते कळतं.

राहिलं लेखन. 'सेन्सॉर' लिहावं. 'सेंसर' हे हिंदी वळण आहे, आणि 'सेन्सर' मराठीत यंत्रातल्या संवेदकासाठी रूढ आहे, दारावरचा किंवा मोबाइलमधला. निषेध किंवा ठपका या अर्थाचा इंग्रजी 'सेन्शर' तिसराच, त्याच्यासाठी 'ठपका ठेवणे' पुरेसं आहे.