क्लच दाबला की आवाज गायब!

प्रश्न : माझी मॅन्युअल गिअरची डिझेल गाडी ९० हजार किलोमीटर चालली आहे. न्यूट्रलमध्ये उभी असली की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा खुळखुळ आवाज येतो. क्लच दाबला की बंद होतो. चालत्या गाडीत तो ऐकू येत नाही. एक मेकॅनिक म्हणतो क्लच सेट बदला, दुसरा म्हणतो गिअरबॉक्स उघडावा लागेल. कुणाचं ऐकू?

उत्तर : तूर्त कुणाचंच नको. ‘क्लच दाबला की बंद’ एवढं तुम्ही लिहिलंत, पण किती दाबला की बंद, हे लिहिलं नाहीत. सगळी गोम तिथेच आहे.

हँडब्रेक ओढा, न्यूट्रल टाका, काचा खाली घ्या. आता पेडलवर पाय नुसता टेकवा, पेडलची ढिलाई संपेपर्यंतच. एवढ्यानेच आवाज थांबला, तर संशय रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) किंवा त्याला ढकलणाऱ्या फोर्कवर. ढिला भाग दाबाखाली आला की गप्प बसतो. मात्र पेडल बरंच खाली गेल्यावर, क्लच सुटतो त्या जागी आवाज थांबला, तर तो इनपुट शाफ्टशी, म्हणजे इंजिनाची चाल गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याशी, निगडित आहे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना हा शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतो आणि त्याला जोडलेले गिअर रिकामेच फिरतात. क्लच दाबला की त्याला इंजिनाकडून चाल मिळत नाही, तो थांबतो.

तुमचं प्रकरण दुसऱ्या प्रकारातलं वाटतं. मग ॲक्सिलरेटर किंचित दाबून इंजिन १,१०० ते १,२०० आरपीएमवर धरा. खुळखुळ विरली तर घाबरायचं फारसं कारण नाही. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर सेकंदाला साधारण २७ ठोके देतं आणि डिझेलचे ठोके अधिक जोरकस असतात. ते शोषून घ्यायला क्लच प्लेटमध्ये स्प्रिंगा असतात, काही गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं जड चाक) असतं. स्प्रिंगा थकल्या की ठोके थेट गिअरबॉक्समध्ये पोचतात आणि रिकामे फिरणारे दाते एकमेकांवर आपटतात. इंजिन बंद करताना ‘धडधड’ असा शेवटचा हिसका बसत असेल, तर आधी फ्लायव्हील तपासून घ्या.

उलट आरपीएमबरोबर आवाज चढत जाऊन त्याची घरघर होत असेल, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं. ते पुढे ढकलू नका. बेअरिंगचे तुकडे दात्यांत गेले की गिअरबॉक्सच बसतो.

काही खोलायच्या आधी गिअर ऑइल बघून घ्या. गाडी सपाट जागेवर हवी. भरायचा प्लग आधी सैल करा, खालचा नंतर. वरचा जाम निघाला आणि ऑइल आधीच सोडून दिलं असेल, तर गाडी जागच्या जागी अडकते. (एकदा अडकवली आहे.) बहुतेक गिअरबॉक्समध्ये पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असते. बोट घालून ऑइल उजेडात धरा. खालच्या प्लगच्या चुंबकावरचा राखाडी लगदा चालतो, पोलादाचे कपचे चालत नाहीत. पिवळी चमक दिसली तर गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग झिजत आहेत. आणि कंपनीने जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल सांगितलं असेल तर ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ घालू नका, त्यातली काही रसायनं पितळ खातात.

आता एक कबुली. शिकाऊ असताना अशाच तक्रारीवर मी एक गिअरबॉक्स उतरवला होता. दिवस गेला आणि आवाज निघाला सायलेन्सरच्या हीट शील्डचा, एका सैल बोल्टमुळे. क्लच दाबला की इंजिनाची थरथर किंचित बदलायची, तेवढ्यानं तो पत्रा गप्प बसायचा. म्हणून सायलेन्सर थंड असताना, इंजिन बंद करून, शील्ड हाताने ठोकून बघाच. गिअर लिव्हरही मुठीत धरा. त्यानेच आवाज थांबला तर दोष लिव्हरच्या बुशचा.

हे सगळं करून गिअरबॉक्स उतरवायचाच ठरला, तर रिलीज बेअरिंगही बदलून घ्या. तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उतरवायला लागू नये. आणि जुनी क्लच प्लेट मागून घ्या. कानाशी धरून हलवा, मधल्या स्प्रिंगा त्यांच्या खाचांत वाजल्या तर तुमचा खुळखुळा हातातच आहे.