पुढच्या चाकांचं घोडं अडलं होतं कुठे?

प्रश्न असा आहे की १९३४ ची सित्रोएन ‘त्राक्स्यों आव्हां’ ही जगातली पहिली फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद देऊन चालणारी, गाडी होती का, आणि नसेल तर ही रचना रुळायला इतकी वर्षं का लागली.

पहिली तर ती मुळीच नव्हे. १७७० च्या सुमारास फ्रान्समध्ये क्युन्योने केलेला वाफेचा तीनचाकी गाडाही पुढच्याच चाकाने ओढला जायचा. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातल्या लोनर-पोर्शेच्या पुढच्या चाकांच्या हबमध्येच विजेच्या मोटारी होत्या. अमेरिकेच्या वॉल्टर ख्रिस्टीने इंजिन आडवं टाकून पुढची चाकं फिरवली आणि १९०७ साली ती गाडी घेऊन तो फ्रेंच ग्रां प्रीमध्ये उतरला. सिलिंडर चारच, पण इंजिन जवळपास २० लिटरचं! शर्यत काही पुरी झाली नाही. तरी आडव्या इंजिनाची आजची मांडणी त्याने तेव्हा करून दाखवली, म्हणून मला हा माणूस फार मोठा वाटतो.

मग घोडं अडलं कुठे? जॉइंटमध्ये, म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट (फिरणारा दांडा) चाकाला जोडणाऱ्या सांध्यात. पुढच्या चाकाला ताकदही पोचवायची आणि त्याला वळूही द्यायचं. हाताशी होता तो साधा हूक जॉइंट, म्हणजे गॅरेजमधला ‘क्रॉस’. सरळ रेषेत तो उत्तम चालतो. पण कोनात वाकला की शाफ्ट एकसारखा फिरत असूनही चाकाचा वेग दर फेऱ्याला दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. ३० अंशांत हा फरक साधारण १५ टक्के वर आणि १३ टक्के खाली जातो. म्हणजे वळणावर स्टिअरिंग हातात थडथडणार, टायर झिजणार, जॉइंट खिळखिळा होणार. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन लहान असतो, शिवाय एका क्रॉसचा चढउतार दुसरा भरून काढतो, त्यामुळे तिथे कुणाला हे जाणवलंच नाही.

तोड निघाली ती १९२६ च्या सुमारास. फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फनाय यांनी ‘त्राक्ता’ जॉइंट काढला आणि १९२७ साली ग्रेग्वार त्याच नावाच्या गाडीने ल मांची २४ तासांची शर्यत पुरी करून आला. अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पाने वेगळी वाट धरली: खाचांमध्ये पोलादी गोळ्या, आणि त्या दोन्ही शाफ्टांच्या कोनाच्या बरोबर मध्यावर धरून ठेवल्या की वेग समान राहतो. १९३१ च्या छोट्या जर्मन डीकेडब्ल्यू गाडीने ही रचना सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आणली. सित्रोएनचं मोठेपण आहे ते लाखांच्या संख्येत ती विकून दाखवण्यात. त्या धाडसापायी कंपनी १९३४ च्या अखेरीस बुडाली आणि टायरवाल्या मिशलँ कंपनीच्या हाती गेली, गाडी मात्र १९५७ पर्यंत निघत राहिली. पण श्रेय वाटायचं झालं तर मी आधी ग्रेग्वार, फनाय आणि झेप्पा यांना देईन.

झेप्पाचाच जॉइंट पुढे १९५९ च्या ब्रिटिश मिनी गाडीत आला. आपल्याकडे १९८३ पासून मारुती ८०० मुळे घरोघरी पोचलेला सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे समान वेगाचा) जॉइंट त्याच तत्त्वावर चालतो. वळताना पुढून कटकट आवाज आला की मेकॅनिक आधी जॉइंटवरचा रबरी बूट फाटलाय का ते बघतो, कारण ग्रीस बाहेर पडून माती आत गेली की खराब होतात त्या याच गोळ्या आणि खाचा.