एका किमतीसाठी अख्खी फाइल?

अरे, एक्सएमएल फाइलमधली (जिच्यात माहिती टॅगांमध्ये ठेवलेली असते) फक्त किंमत बदलायचीय ना? एक्सएसएलटीत, म्हणजे एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेत, आधी आयडेंटिटी टेम्प्लेट (सगळं नकलणारा नियम) लिही, म्हणजे सगळं जसंच्या तसं उतरतं; मग 'किंमत' टॅगपुरतं वेगळं टेम्प्लेट. मूळ फाइलला धक्का नाही, नवी तयार होते. परिच्छेदात टॅग घुसलेले असतील तर डोळे झाकून हेच घे.

बेसएक्स या एक्सएमएल डेटाबेसमध्ये हजारो दस्तऐवज भरलेले असतील तर मात्र एक्सक्वेरी अपडेट, म्हणजे एक्सएमएलमध्ये शोधायच्या भाषेतली बदल करायची सोय. 'रिप्लेस व्हॅल्यू ऑफ नोड', एका ओळीत काम. गोम अशी की बदल क्वेरी संपताना एकदम लागतात. त्याच क्वेरीत परत वाचलंस तर जुनीच किंमत दिसते. माझी अख्खी दुपार यात गेली होती!

आणि हो, एक्सएसएलटी चालवणाऱ्या एक्सएसएलटीप्रोक या प्रोग्रामला त्या भाषेची 1.0 आवृत्तीच कळते. 3.0 लिहायचं तर सॅक्सन हा दुसरा प्रोग्राम टाकून घे.